डॉलरच्या करारावर सही करण्यापूर्वी

जळगाव/धुळे (आमच्या प्रतिनिधीकडून) : जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून प्लास्टिकच्या चटया आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या परदेशी रवाना होतात. रावेर-यावल पट्ट्यातील केळी आखाती देशांत पोहोचतात. डाळमिलला लागणारे कडधान्य काही वेळा समुद्रापलीकडून मागवावे लागते. खानदेशातील कापसाच्या गाठी आणि सूतही निर्यातीच्या वाटेवर असतात. या व्यवहारांचा भाव डॉलरमध्ये ठरतो. मजुरी, वीजबिल आणि बँकेचा हप्ता मात्र रुपयांत चुकवावा लागतो. या दोन चलनांतील अंतर रोज बदलते. त्या बदलाचा फटका बसू नये म्हणून बँक ग्राहकाशी जे करार करते, ते 'डेरिव्हेटिव्ह' या नावाने ओळखले जातात.

हे करार आपल्या भागातील शाखेत क्वचितच तयार होतात. कागद मुंबईच्या ट्रेझरी विभागातून येतो, तो इंग्रजीत असतो आणि बहुधा 'इस्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नमुन्यावर बेतलेला असतो. शाखाधिकारी खुणा केलेल्या जागी सह्या घेतात आणि कागद परत पाठवतात. एवढ्यावर जी जबाबदारी अंगावर येते, तिचे नियम रिझर्व्ह बँकेने गेल्या दोन दशकांत अनेकदा बदलले. कोणाला कोणता करार विकता येतो, बँकेने काय सांगणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाच्या सहीचा अर्थ काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे २००७ मध्ये वेगळी होती आणि आज वेगळी आहेत. त्या मधल्या काळात देशभरातील निर्यातदारांनी मोजलेली किंमत मोठी होती.

साधा वायदा आणि गुंतागुंतीचा करार

वायदा ही संकल्पना खानदेशी व्यापाऱ्याला नवी नाही. कापूस घरात येण्यापूर्वीच त्याचा सौदा करण्याची रीत जिनिंगवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बँकेचा 'फॉरवर्ड' करार त्याच जातीचा आहे. तीन महिन्यांनी येणारे एक लाख डॉलर आज ठरलेल्या दराने बँकेला विकायचे, एवढाच त्याचा आशय. पुढे डॉलर वधारला तरी जास्त मिळत नाही, उतरला तरी कमी मिळत नाही.

'ऑप्शन' थोडा वेगळा. यात विकत घेणाऱ्याला ठरलेल्या दराने डॉलर विकण्याचा हक्क मिळतो, बंधन मात्र नसते. या हक्काची किंमत आधी मोजावी लागते, तिला प्रीमियम म्हणतात. विम्याच्या हप्त्याशी तुलना केली तर ती फारशी चुकीची ठरणार नाही. 'स्वॅप' म्हणजे एका चलनातील किंवा एका पद्धतीच्या व्याजाची देणी दुसऱ्या चलनातील किंवा पद्धतीच्या देण्यांशी बदलून घेणे.

इथपर्यंत सारे समजण्याजोगे आहे. गुंतागुंत सुरू होते ती ग्राहक ऑप्शन विकत घेण्याबरोबरच दुसरा ऑप्शन बँकेला विकतो तेव्हा. विकलेल्या ऑप्शनचे प्रीमियम आणि घेतलेल्या ऑप्शनचे प्रीमियम यांची वजावट होऊन ग्राहकाला काहीच भरावे लागत नाही. अशा करारांना बाजारात 'झिरो कॉस्ट' म्हणत. खर्च शून्य असला तरी जोखीम शून्य नसते, हे त्या नावात कोठेही दिसत नसे.

२००७ चे वर्ष

२००७ च्या प्रारंभी एक डॉलर सुमारे ४४ रुपयांना मिळत होता. वर्ष संपता संपता तो ३९ रुपये आणि काही पैशांवर आला. रुपया वधारला की आयातदाराचा फायदा होतो आणि निर्यातदाराचे उत्पन्न आटते. त्या वर्षी सूतगिरण्या, तयार कपड्यांचे कारखाने, चामड्याचे उद्योग, माहिती तंत्रज्ञान कंपन्या असे सारे निर्यातदार हवालदिल झाले. (अमळनेरकरांना याची झळ वेगळ्या वाटेने कळली असेल. १९४५ मध्ये याच गावी वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे समभाग अनेक घरांत आहेत आणि त्या कंपनीची मिळकत मुख्यतः डॉलरमध्ये आहे.) रुपया आणखी वधारणार अशीच हवा होती. या वातावरणात बँकांचे प्रतिनिधी बाजारभावापेक्षा चांगला दर देऊ करणारे करार घेऊन निर्यातदारांच्या दारी गेले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका निर्यातदाराला दरमहा एक लाख डॉलर मिळतात आणि बाजारात डॉलर ४० रुपयांना आहे. बँक त्याला ४१ चा दर देऊ करते. डॉलर ४१ च्या खाली असेल तर त्याने एक लाख डॉलर ४१ ने विकावेत; वर गेला तर मात्र त्याला दोन लाख डॉलर ४१ ने विकावेच लागतील. मुदत बारा महिने, प्रीमियम शून्य. पहिले तीन महिने डॉलर ३९ वर राहतो आणि निर्यातदाराला दरमहा दोन लाख रुपये जास्त मिळतात. चौथ्या महिन्यापासून डॉलर ५० वर जातो. स्वतःजवळचे एक लाख डॉलर तो ४१ ने देतो; येथे वाढीव भावाचा लाभ हुकला, पण खिशातून काही गेले नाही. उरलेले एक लाख डॉलर त्याच्याजवळ नाहीतच. ते त्याला ५० ने विकत घेऊन ४१ ने द्यावे लागतात, म्हणजे दरमहा रोख ९ लाखांचा तोटा. उरलेल्या नऊ महिन्यांचा हिशेब ८१ लाख रुपये होतो. मिळाले होते सहा लाख.

हे आकडे उदाहरणापुरते घेतले असले तरी डॉलरचा प्रवास खरा आहे. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक वित्तसंकट कोसळले, परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला आणि डॉलर ५० रुपयांजवळ गेला. मार्च २००९ मध्ये त्याने ५२ ची पातळी गाठली. त्याच सुमारास परदेशातून येणाऱ्या मागण्याही रोडावल्या. ज्याच्या मालाची मागणीच रद्द झाली, त्याला पहिले एक लाख डॉलरही बाजारातून आणावे लागणार होते. संरक्षण म्हणून घेतलेला करार धंद्यापेक्षा मोठा झाला तो असा.

याहून विचित्र करार होते ते परक्या चलनांचे. ज्यांचा स्वित्झर्लंड किंवा जपानशी काडीचाही व्यवहार नव्हता, अशा कंपन्यांनी डॉलर आणि स्विस फ्रँक किंवा डॉलर आणि येन यांच्या दरांवर बेतलेल्या करारांवर सह्या केल्या होत्या. डॉलर अमुक पातळीच्या खाली गेला नाही तर फायदा, एकदा जरी गेला तर मोठी देणी, असे त्यांचे स्वरूप असे. मार्च २००८ मध्ये डॉलर इतिहासात प्रथमच एका स्विस फ्रँकच्या खाली घसरला आणि त्याच महिन्यात १०० येनच्याही खाली आला. कारखाना तामिळनाडूत, माल अमेरिकेत आणि नुकसान झ्युरिकच्या दरामुळे, अशी स्थिती कित्येकांची झाली. तिरुपूरच्या होजिअरी उद्योगाची तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली. पुढे ओरिसा उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि न्यायालयाने २००९ च्या अखेरीस या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाला लक्ष घालण्यास सांगितले.

नियम होता

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या करारांना नियमच नव्हते, असा समज अनेकांचा आहे. तो बरोबर नाही. परकीय चलनातील डेरिव्हेटिव्ह करारांचे नियम परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली मे २००० मध्येच आले होते. २००६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन या बाजाराचे नियमन करण्याचा स्पष्ट अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. आणि २० एप्रिल २००७ रोजी, म्हणजे नुकसानीची लाट येण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर आधी, रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हविषयी सर्वंकष मार्गदर्शक सूचना जारी केल्या होत्या.

त्या सूचनांचा गाभा 'योग्यता' या एका शब्दात होता. बँकेने केवळ करार विकायचा नाही. हा करार या ग्राहकाला शोभतो काय, त्याची जोखीम त्याला कळते काय, त्याच्याकडे जोखीम व्यवस्थापनाचे धोरण आहे काय, हे तपासायचे. दर इकडचे तिकडे झाले तर ग्राहकाचे काय होईल, याचे चित्र त्याच्यापुढे मांडायचे. ग्राहकाच्या प्रत्यक्ष आयात-निर्यातीहून करार मोठा होणार नाही, हेही पाहायचे.

कागदावर उत्तम असलेला हा नियम व्यवहारात कसा पाळला गेला, त्याचे उत्तर खुद्द रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०११ मध्ये दिले. तिने एकाच वेळी १९ बँकांना दंड ठोठावला. कारणे अशी : करार ग्राहकाला योग्य आहे की नाही याची पुरेशी छाननी न करणे, जोखीम धोरण नसलेल्यांना करार विकणे, आणि मूळ व्यवहार किंवा मागील उलाढालीवरून ठरणारी मर्यादा न पडताळणे. दंडाची रक्कम प्रत्येकी ५ ते १५ लाख रुपये होती. यादीत देशातील अग्रगण्य खासगी, सरकारी आणि परदेशी बँका होत्या. वरच्या उदाहरणातील आपल्या काल्पनिक निर्यातदाराचे नुकसान या दंडाच्या कमाल रकमेहून पाचपट आहे, हे वाचकांनी पाहावे.

ब्रिटनमध्ये याच स्वरूपाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. तेथे बँकांनी छोटे दुकानदार, हॉटेलमालक आणि शेतकरी यांना व्याजदराचे स्वॅप विकले होते. व्याजदर कोसळल्यावर त्यांना प्रचंड देणी आली. २०१२ मध्ये तेथील नियामकाने बँकांना जुन्या करारांची फेरतपासणी करायला लावली आणि दोन अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत मिळाली. आपल्याकडे बँकांना केवळ दंड झाला. ग्राहकाला भरपाई देणारी अशी सरसकट योजना झाली नाही. ज्याला दाद मागायची, त्याने न्यायालयात जावे, हाच मार्ग उरला.

न्यायालयाचे दार

न्यायालयात गेलेल्यांचा मुख्य युक्तिवाद ठरलेला असे : हा करार म्हणजे सट्टा आहे आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल ठरतो. कोईम्बतूरच्या राजश्री शुगर्स अँड केमिकल्स या कंपनीने ॲक्सिस बँकेविरुद्धच्या दाव्यात हाच मुद्दा मांडला. डॉलर आणि स्विस फ्रँकच्या दरावर बेतलेला तिचा करार जून २००७ मधला होता. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी १४ ऑक्टोबर २००८ रोजी दिलेल्या निकालात हा मुद्दा फेटाळला. असा करार पैज ठरत नाही, असे त्यांनी सविस्तर विवेचन करून म्हटले. दुसरीकडे, २००६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४५ व्ही असे सांगते की रिझर्व्ह बँक, अनुसूचित बँक किंवा तिच्या नियंत्रणाखालील संस्था यांपैकी एक जरी पक्षकार असेल, तर करार वैध आहे. 'सट्टा होता' एवढे म्हणून सही पुसता येत नाही, हे तेव्हापासून पुरेसे स्पष्ट आहे.

बँका आपली येणी वसूल करण्यासाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जात, तर ग्राहक दिवाणी न्यायालयात. लुधियानाच्या नाहर इंडस्ट्रियलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ग्राहकाचा दिवाणी दावा न्यायाधिकरणाकडे वर्ग करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ग्राहकांना मिळालेला दिलासा मुख्यतः एवढाच.

त्या दिवसांतील आणखी एक घडामोड व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. डेरिव्हेटिव्हची देय रक्कम ९० दिवस थकली तर ती अनुत्पादक धरावी आणि त्या ग्राहकाची इतर कर्जेही तशीच धरावीत, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये कळवले. याचा अर्थ, डॉलरच्या कराराचा वाद सुरू असताना कारखान्याचे कॅश क्रेडिटही बुडीत खात्यात. ओरड झाली आणि त्याच महिन्यात सूचना बदलण्यात आली. साध्या फॉरवर्ड, स्वॅप व ऑप्शनपुरता हा कडक नियम ठेवून गुंतागुंतीच्या करारांची थकबाकी वेगळ्या खात्यात धरण्याची मुभा दिली गेली. एका महिन्यात एकाच विषयावर दोन परिपत्रके! धुळ्याच्या तेलमिलवाल्याने किंवा त्याच्या सनदी लेखापालाने यांपैकी फक्त पहिलेच वाचले असते, तर त्याची झोप उडाली असती.

आज काय बदलले आहे

सर्वांत महत्त्वाचा बदल २०२० चा. रिझर्व्ह बँकेने ७ एप्रिल २०२० रोजी परकीय चलन जोखीम संरक्षणाचे नवे निर्देश काढले आणि ते १ सप्टेंबर २०२० पासून अमलात आले. त्यांत ग्राहकांचे दोन वर्ग केले गेले : 'रिटेल' आणि 'नॉन-रिटेल'. मोठ्या वित्तसंस्था आणि ठरावीक आकारापुढील कंपन्या दुसऱ्या वर्गात. बाकीचे सारे पहिल्या वर्गात. जळगाव-धुळ्यातील बहुतेक निर्यातदार आणि आयातदार रिटेलच ठरतील. मोठ्या कंपनीलाही हवे असल्यास आपल्याला रिटेल माना, असे सांगता येते.

रिटेल ग्राहकाला बँक चारच प्रकारचे करार देऊ शकते : फॉरवर्ड, विकत घेतलेले ऑप्शन, विकत घेतलेले ऑप्शनचे 'स्प्रेड' आणि स्वॅप. येथे 'विकत घेतलेले' हा शब्द कळीचा आहे. ग्राहकाने बँकेला ऑप्शन विकायचा आणि त्या बदल्यात गोड दर घ्यायचा, हा २००७ चा खेळ रिटेल ग्राहकापुरता बंद झाला. आपल्या उदाहरणातील दोन लाख डॉलरचा करार या निर्देशांखाली त्या निर्यातदाराला विकताच येणार नाही. स्प्रेडमध्येही एक ऑप्शन विकला जातो, परंतु त्यातील जास्तीत जास्त नुकसान भरलेल्या प्रीमियमइतकेच असते.

दुसरी तरतूद भावाची. रिटेल ग्राहकाला करार करण्यापूर्वी बाजारातील मध्यदर किंवा खरेदी-विक्रीचे दर सांगणे आणि ते कागदावर नोंदवणे बँकेवर बंधनकारक करण्यात आले. बँकेने आपल्या दरात किती नफा धरला आहे, हे त्यावरून कळते. या हक्काची माहिती फारशी कोणाला नाही, आणि शाखेतून ती आपणहून दिली जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मागितली तर मात्र नाकारता येत नाही.

याच निर्देशांनी काही गोष्टी सोप्याही केल्या. अद्याप न झालेल्या, पण अपेक्षित असलेल्या व्यवहारासाठीही संरक्षण घेता येते. मात्र असा करार मध्येच मोडून झालेला नफा तो अपेक्षित पैसा प्रत्यक्षात आल्यावरच हाती पडतो. केळीच्या हंगामापूर्वी डॉलर विकून ठेवणाऱ्याला ही तरतूद उपयोगी आहे. कंटेनर गेलेच नाहीत, तर मात्र ती अडचणीचीही ठरेल.

त्यानंतर १६ सप्टेंबर २०२१ रोजी बँकांसाठी, म्हणजे करार विकणाऱ्यांसाठी, स्वतंत्र निर्देश निघाले आणि ३ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. २००७ च्या सर्वंकष सूचनांची जागा त्यांनी घेतली. योग्यता तपासण्याची जबाबदारी त्यांतही आहे. पण ती तपासली गेल्याचा पुरावा म्हणून बँक ग्राहकाकडूनच लिहून घेते, की मला जोखीम समजली आहे. २००८ नंतरच्या खटल्यांत बँकांनी पुढे केलेला कागद असाच होता.

करार न करण्याचीही किंमत

'नकोच ते डेरिव्हेटिव्ह' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांचे प्रमाण २००८ नंतर वाढले असेल तर नवल नाही. परंतु परकीय चलनाचे कर्ज किंवा देणे असून संरक्षण न घेणाऱ्यालाही नियमाने हिशेबात धरले आहे. जानेवारी २०१४ च्या परिपत्रकाने बँकांना प्रत्येक कर्जदाराची असंरक्षित परकीय चलन देणी मोजण्यास सांगितले. संभाव्य नुकसान वार्षिक मिळकतीच्या १५ टक्क्यांहून अधिक असेल तर बँकेला जादा तरतूद करावी लागते. ७५ टक्क्यांपुढे ती कर्जाच्या ०.८० टक्के होते आणि त्या कर्जापोटी बँकेला भांडवलही जास्त ठेवावे लागते. छोट्या कर्जदारांसाठी हिशेबाची सोपी रीत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे नियम एकत्र करून पुन्हा जारी झाले. हा खर्च बँक स्वतः सोसत नाही, व्याजदरात टाकते. बँक दर तिमाहीस जे परकीय चलनाचे विवरण मागते, ते यासाठी.

डॉलर कोठवर जाऊ शकतो, याचा अंदाज बांधणाऱ्यांनी एवढेच आठवावे की २००७ च्या अखेरीस तो ३९ रुपयांना होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ची पातळी ओलांडली. जळगावच्या जैन इरिगेशनने २०१७ मध्ये आपल्या परदेशी उपकंपनीमार्फत २० कोटी डॉलरचे हरित रोखे विकले, तेव्हा डॉलर ६७ च्या आसपास होता. पाच वर्षांनी तो ७५ च्या आसपास होता. २० कोटी डॉलरवर एका रुपयाचा फरक म्हणजे २० कोटी रुपये. ज्याची मिळकतही डॉलरमध्ये आहे त्याची या फरकाची भरपाई काही अंशी आपोआप होते. ज्याची विक्री रुपयांत आहे त्याची होत नाही.

परकीय चलनातील पॅकिंग क्रेडिट घेणाऱ्या निर्यातदारांना आणखी एका बदलातून जावे लागले. या कर्जाचे व्याज पूर्वी 'लायबॉर' या लंडनच्या दरावर ठरत असे. त्या दरात बँकांनी हेराफेरी केल्याचे २०१२ मध्ये उघड झाले आणि तो टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. डॉलरचा लायबॉर ३० जून २०२३ रोजी संपला. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्येच बँकांना पर्यायी दराकडे वळण्यास सांगितले होते. ज्यांचे जुने करार त्या तारखेपुढे चालणार होते, त्यांच्या कागदपत्रांत पर्यायी दराचे कलम घालून पुन्हा सह्या झाल्या. तो दुरुस्तीचा कागद आपल्या फाइलमध्ये आहे काय, हे अनेकांनी अद्याप पाहिले नसेल.

सराफ बाजार, कापूस आणि हरभरा

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, तेव्हा सोन्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. सराफ बँकेकडून 'गोल्ड मेटल लोन' घेतात. यात कर्ज रुपयांत नसते, ग्रॅममध्ये असते. भाव नंतर निश्चित केला जातो. दागिना विकला त्या दिवशी भाव पक्का केला तर धोका नाही. तो पक्का करण्यात चालढकल केली आणि सोने चढले, तर तेवढ्याच ग्रॅमचे देणे रुपयांत वाढत जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात सोने औंसाला ४००० डॉलरच्या वर गेले, हे लक्षात घेता चालढकलीची किंमत सांगण्याची गरज नाही. सोन्याच्या भावाच्या जोखमीसाठी गुजरातमधील गिफ्ट सिटीच्या आंतरराष्ट्रीय केंद्रातील बाजारांत संरक्षण घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथील बाजाराबाहेरील करारांनाही परवानगी मिळाली.

कापूस आणि हरभऱ्याचे वायदे हा मात्र वेगळा प्रांत आहे. ते बँकेत होत नाहीत, कमोडिटी एक्स्चेंजवर होतात, आणि त्यांचा नियामक सेबी आहे. पूर्वी फॉरवर्ड मार्केट्स कमिशन होते, ते सप्टेंबर २०१५ मध्ये सेबीत विलीन झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने हरभरा, मूग, सोयाबीन यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जळगावच्या डाळमिलवाल्यांसाठी हा निर्णय मोलाचा होता. परंतु त्यामुळे बँकेतला डॉलरचा वायदाही बंद झाला, असा घोटाळा काहींच्या मनात झाला. दोन्हींचा काहीएक संबंध नाही. एक्स्चेंजवरील डॉलरचे वायदे हा आणखी तिसरा प्रकार. ते ऑगस्ट २००८ मध्ये एक हजार डॉलरच्या करारापासून सुरू झाले. त्यांच्यामागे प्रत्यक्ष परकीय चलनाचा व्यवहार असलाच पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केल्यावर ३ मे २०२४ पासून केवळ सट्ट्यासाठी येणाऱ्यांची दारे बंद झाली.

कोणाकडे विचारावे

खानदेशात सहकारी बँकांचा पसारा मोठा असला तरी परकीय चलनाचा पूर्ण परवाना त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे असतो. ज्या बँकेकडे तो नाही तिने असा करार विकण्याचा प्रश्नच नाही. परवाना असलेल्या व्यापारी बँकेतही शाखेतील अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात. म्हणून कराराच्या वाटाघाटीत बँकेने पाठवलेले टर्म शीट, दर इकडे-तिकडे झाल्यास होणाऱ्या परिणामांचे कोष्टक, मध्यदराची नोंद आणि फोनवरील सौद्यानंतर आलेले लेखी पुष्टिपत्र हे चार कागद स्वतःजवळ ठेवणे इष्ट. पुष्टिपत्रातील आकडे बोलण्याशी जुळत नसतील तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. कंपनी असेल तर संचालक मंडळाच्या ठरावात करार करणाऱ्याचे नाव आणि रकमेची मर्यादा लिहावी. करारांसाठी लागणारा २० अक्षरी 'एलईआय' क्रमांक संपला असेल तर नूतनीकरण करून घ्यावे. तो दरवर्षी करावा लागतो.

केवळ डॉलर विकणे किंवा घेणे एवढेच काम असेल, तर ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने सुरू केलेली 'एफएक्स-रिटेल' ही संगणकीय व्यवस्था पाहावी. तेथे लहान ग्राहकालाही बाजारातील दर दिसतो; बँकेने आपले शुल्क वेगळे सांगायचे असते. शाखेने हे नाव ऐकले नसल्याचे सांगितले तर ट्रेझरी विभागाकडे लेखी मागणी करता येते.

नियम वाचायचे तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ते उपलब्ध आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ९ हजारांहून अधिक जुनी परिपत्रके रद्द करून २४४ एकत्रित निर्देश जारी केले, त्यामुळे शोध काहीसा सोपा झाला आहे. तरीही कोणता नियम कोणत्या तारखेच्या कराराला लागू, हे पाहावेच लागते. सही झाली त्या दिवशी जो नियम होता, वाद बहुधा त्यावरच होतो.

तक्रारीचा मार्ग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यापासून सुरू होतो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे, जी नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. पण बँकेच्या व्यापारी निर्णयांविरुद्धच्या तक्रारी तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. मोठ्या रकमेचा वाद असेल तर लवाद किंवा दिवाणी न्यायालय. आणि बहुतेक करारांच्या शेवटच्या पानांपैकी एकावर न्यायक्षेत्राचे कलम असते. त्यात जळगाव किंवा धुळे असे लिहिलेले क्वचितच आढळते. तेथे मुंबई असते.